मदत हवी आहे : उड्यांमधला पोटरीचा रिफ्लेक्स मोजताना पाय टेकल्याचा क्षण कसा पकडायचा?

नमस्कार. नाशिकच्या धावपटूंची जागच्या जागी उड्यांची चाचणी घ्यायची आहे; मेट्रोनोमवर सेकंदाला 2 उड्या. पाय टेकताच पोटरी ताणली जाते आणि साधारण 40 ते 50 मिलिसेकंदांनी सोलियसच्या (पोटरीतल्या खोल स्नायूच्या) ईएमजीत, म्हणजे स्नायूच्या विद्युत संकेतांच्या नोंदीत, रिफ्लेक्सचा (ताणामुळे आपोआप होणाऱ्या आकुंचनाचा) उंचवटा यायला हवा. अडचण अशी, की पाय टेकण्याआधीच स्नायू आवळलेला असतो. टेकण्याचा क्षण थोडा जरी चुकला, तरी आधीचं आकुंचन कुठलं आणि रिफ्लेक्स कुठला, हे कळत नाही. ईएमजी 1000 हर्ट्झवर (सेकंदाला 1000 नोंदी) आहे, पण मोबाइलच्या 60 फ्रेमच्या व्हिडिओत एकच फ्रेम जवळपास 17 मिलिसेकंदांची! टाचेखालचा, दाब पडताच संकेत देणारा स्विचही निरुपयोगी, कारण चवडा आधी टेकतो. चवड्याखाली पातळ फूटस्विच कोणी वापरलाय का? त्याचा विलंब कसा तपासलात? नाशकात कुणाकडे फोर्स प्लेट (पायाचा जमिनीवरचा जोर मोजणारी पाटी) असेल तर कृपया कळवा.