एकच एडिटर आणि तीन प्रोजेक्ट: शेड्यूलसाठी कोणतं टूल घ्यावं?

प्रश्न: कोर्सवाली

नमस्कार मंडळी. आमची छोटी टीम ऑनलाइन प्रशिक्षणाचे व्हिडिओ कोर्स बनवते. आधी स्क्रिप्ट, मग चित्रं आणि रेकॉर्डिंग, त्यानंतर एडिटिंग आणि शेवटी क्लायंटचा रिव्ह्यू, असं काम चालतं. एका वेळी तीन कोर्स सुरू असतात आणि तिन्हींचं एडिटिंग एकाच माणसाकडे आहे.

सध्या सगळं शेड्यूल एक्सेलमध्ये आहे. डावीकडे कामं, वर तारखा, मध्ये रंगवलेले चौकोन. एखादी स्क्रिप्ट चार दिवस लांबली की तिच्या मागची सगळी कामं मी हाताने सरकवते. ती सरकली की दुसऱ्या कोर्सच्या एडिटिंगवर येऊन बसतात, मग तेही सरकवायचं. शुक्रवारची संध्याकाळ यातच जाते. आणि क्लायंटने "नक्की कधी मिळेल?" विचारलं की मी जी तारीख सांगते तिच्यावर माझाच विश्वास नसतो.

सॉफ्टवेअर घ्यायला वरून मंजुरी मिळाली आहे. "टॉप टेन टूल्स" छापाचे लेख भरपूर वाचून झाले. स्वतः रोज वापरणाऱ्यांनी सांगावं: एक तारीख बदलली की पुढच्या तारखा आपोआप बदलतील आणि एडिटरवर किती भार आहे ते दिसेल, असं काय घ्यावं?

उत्तर: फलकप्रेमी

आम्ही ट्रेलो हा ऑनलाइन फलक वापरतो. "करायचं", "चालू", "रिव्ह्यूत", "झालं" असे रकाने, प्रत्येक कामाचं एक कार्ड. कोण कशात अडकलंय ते सकाळी एका नजरेत कळतं. "चालू" रकान्यात एका माणसाची दोनपेक्षा जास्त कार्डं ठेवायची नाहीत हा आमचा नियम आहे आणि तो आम्ही कसोशीने पाळतो.

पण तुमचा प्रश्न तारखा आपोआप सरकण्याचा आहे. नुसता फलक ते करत नाही. रोजचं काम चालवायला उत्तम, क्लायंटला तारीख द्यायला पुरेसा नाही.

उत्तर: शटडाउन_प्लॅनर

ताई, मी कारखान्यांच्या शटडाउनचं नियोजन करतो. ठरलेल्या दिवसांत यंत्रं उघडायची, दुरुस्त करायची, बंद करून परत सुरू करायची. क्षेत्र वेगळं असलं तरी तुमची अडचण मला ओळखीची वाटली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या एक्सेलमध्ये तारखा आहेत, पण कोणतं काम कोणत्या कामानंतर हे त्या शीटला माहीतच नाही. ते फक्त तुमच्या डोक्यात आहे, म्हणून सरकवायचं कामही तुमच्याच माथी येतं. जे टूल घ्याल त्यात तारखा टाइप करू नका. कामाचा कालावधी टाका, आधीचं काम कोणतं ते जोडा आणि तारीख टूललाच काढू द्या.

हे इतकं ठासून सांगतो कारण मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये सुरुवातीच्या रकान्यात हाताने तारीख लिहिली की त्या टास्कवर "याआधी सुरू होणार नाही" असं बंधन गुपचूप लागतं. मग मागचं काम लवकर संपलं तरी हे काम जागचं हलत नाही. शेजारच्या रकान्यात कॅलेंडरचं छोटं चिन्ह दिसतं, ते शोधून बंधन काढायचं. शिवाय २०१० च्या आवृत्तीपासून नवीन टास्क मुळातच "मॅन्युअली शेड्यूल्ड" असतात. फाइल उघडल्याबरोबर ते "ऑटो" करा, नाहीतर एक्सेलच महागात विकत घेतल्यासारखं होईल.

आता तुमचंच उदाहरण घेऊ. समजा स्क्रिप्ट ५ दिवस, मग चित्रं ८ आणि रेकॉर्डिंग ३ दिवस समांतर, त्यानंतर एडिटिंग ६ दिवस. कोर्स ५ + ८ + ६ म्हणजे १९ दिवसांत होतो. रेकॉर्डिंगला ५ दिवसांची सूट आहे, ज्याला आम्ही फ्लोट म्हणतो. निवेदकाने दोन दिवस उशीर केला तर कुणालाही फोन करायची गरज नाही. चित्रकाराचा मात्र एक दिवस गेला की अख्खा कोर्स एक दिवस पुढे जातो. जिथे एक दिवसाचा उशीरही शेवटची तारीख ढकलतो अशा कामांची ही साखळी, हाच क्रिटिकल पाथ. १९५७ च्या सुमारास ड्यूपाँ कंपनीने रेमिंग्टन रँडच्या मदतीने ही पद्धत उभी केली, ती कारखान्यांचं बांधकाम आणि देखभालीचे शटडाउन यांच्यासाठीच. त्यामुळे आमच्या धंद्यात तिच्याबद्दल विशेष जिव्हाळा आहे. रंगवलेल्या चौकोनांत फ्लोट दिसत नाही. मग सगळीच कामं सारखी तातडीची वाटतात आणि माणसं उगाच पळत राहतात.

क्लायंटचा रिव्ह्यू हे स्वतंत्र टास्क धरा. तो नेहमी आठ दिवस घेत असेल तर आठच लिहा. त्याने दोन दिवसांचं आश्वासन दिलंय म्हणून दोन लिहू नका. काम सुरू होण्यापूर्वी बेसलाइन, म्हणजे मूळ ठरलेल्या तारखांची प्रत, साठवून ठेवा. ठरलं काय होतं आणि झालं काय, हे समोर ठेवून बोललं की बैठक पाच मिनिटांत आटोपते.

आणि आठवड्याला एकदा अपडेट घेताना "किती टक्के झालं?" हे विचारूच नका. नव्वद टक्क्यांवर काम कितीही दिवस बसून राहू शकतं. "अजून किती दिवस लागतील?" असं विचारा. माणूस क्षणभर थांबतो, खरंच विचार करतो आणि जे सांगतो ते बहुतेक वेळा कामाचं असतं.

टूलचं म्हणाल तर पैसे खर्च करण्याआधी गँटप्रोजेक्ट किंवा प्रोजेक्टलिब्रे वापरून बघा. दोन्ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत, दोन्हींत कामं एकमेकांना जोडता येतात. गँटप्रोजेक्टमध्ये माणसांचा वेगळा तक्ता असतो. ज्याच्यावर शंभर टक्क्यांहून जास्त भार पडला त्याची पट्टी लाल होते. तुमच्या एडिटरसाठी मला तेच महत्त्वाचं वाटतं. तिन्ही कोर्स एकाच फाइलमध्ये ठेवा, तीन फाइली केल्या तर तो भार दिसणारच नाही.

कोर्सवाली

खूप आभार. चित्रांचा एक दिवस आणि रेकॉर्डिंगचे दोन दिवस यांत इतका फरक असेल असं वाटलं नव्हतं, मी दोघांच्या मागे सारखाच तगादा लावते. एक शंका: एडिटरचा वेळ तिन्ही कोर्सना एक तृतीयांश वाटून दिला तर चालेल का? सध्या तो रोज थोडं थोडं सगळ्यांचं करतो, म्हणजे कुणी नाराज होत नाही.

शटडाउन_प्लॅनर

वाटून देऊ नका. कागदावर करून बघा. तीन कोर्स, प्रत्येकाचं ६ दिवसांचं एडिटिंग. रोज आळीपाळीने एकेकाचं केलं तर पहिला कोर्स १६ व्या दिवशी हातावेगळा होतो, दुसरा १७ व्या आणि तिसरा १८ व्या. एक संपवून दुसरा घेतला तर ६, १२ आणि १८. तिसऱ्या क्लायंटचं काहीच बिघडलं नाही, पहिल्याला दहा दिवस आधी मिळालं आणि दुसऱ्याला पाच. आणि एका कोर्समधून उठून दुसऱ्यात शिरताना "कुठपर्यंत आलो होतो" हे आठवण्यात जो वेळ जातो तो मी धरलेलाच नाही.

आज सगळ्यांना थोडं थोडं देऊन कुणी नाराज होत नसेल, पण शेवटी तिघंही वाट बघत बसतात. कोणता कोर्स आधी हे तुम्ही ठरवून द्या. तो निर्णय एडिटरवर सोपवणं अन्यायाचं आहे. जो फोन करेल त्याचं काम तो आधी घेणार, दुसरं तो करणार तरी काय?

उत्तर: अंदाजपंचे_नाही

वरचं सगळं मान्य, पण ५, ८ आणि ६ हे आकडे आणायचे कुठून? आमच्या सॉफ्टवेअर टीममध्ये खरी मारामारी तिथे होते. आम्ही प्रत्येक कामाला तीन अंदाज विचारतो: सगळं सुरळीत गेलं तर, नेहमीसारखं गेलं तर आणि वाईट गेलं तर. समजा ३, ५ आणि १३ दिवस. मधल्याला चारने गुणायचं, तिन्हींची बेरीज करायची आणि सहाने भागायचं. ३ + २० + १३ म्हणजे ३६, भागिले ६, उत्तर ६. हे पर्ट या नियोजन पद्धतीचं सूत्र, अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पातून १९५८ मध्ये आलेलं.

सूत्रापेक्षा मला तो तिसरा प्रश्न मोलाचा वाटतो. "वाईट गेलं तर" असं विचारल्याशिवाय कुणी आपणहून सांगत नाही की निवेदकाचा आवाज बसला तर पुन्हा रेकॉर्डिंग करावं लागेल. कानमन आणि ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच मांडलं होतं की माणूस स्वतःच्या कामाचा अंदाज बहुतेक वेळा आशावादी लावतो आणि मागच्या अनुभवाकडे दुर्लक्ष करतो. म्हणून झालेल्या प्रत्येक कोर्सचे प्रत्यक्ष लागलेले दिवस लिहून ठेवा. पुढच्या वेळी वाद घालायची गरज उरत नाही.

उत्तर: फलकप्रेमी

यात एक भर. प्रत्येक कामात दोन दोन दिवस जादा धरण्यापेक्षा ते सगळे काढून कोर्सच्या शेवटी एकत्र बफर, म्हणजे राखीव दिवस, ठेवा. कामात लपवलेला वेळ कामातच खर्च होतो. पार्किन्सनने १९५५ मध्ये म्हटलंच आहे की मिळेल तितक्या वेळात काम पसरतं.

शटडाउन_प्लॅनर

तत्त्व बरोबर आहे, गोल्डरॅट यांची क्रिटिकल चेन पद्धत यावरच उभी आहे. पण शेवटी मोकळे दिसणारे दिवस वरिष्ठांच्या नजरेस पडले की पहिली कात्री त्यांनाच लागते, हे मी अनेकदा पाहिलंय. बफर ठेवणार असाल तर तो कशासाठी आहे ते आधीच लेखी मान्य करून घ्या. ते जमणार नसेल तर चित्रांसारख्या क्रिटिकल कामातच थोडा वेळ ठेवलेला बरा.

कोर्सवाली

आमच्याकडे क्रिटिकल कामातच वेळ ठेवण्याचा मार्ग जमेल असं दिसतंय. आज गँटप्रोजेक्ट उतरवून तिन्ही कोर्स एका फाइलमध्ये भरले, तारखा न लिहिता. एडिटरची पट्टी पुढचे जवळजवळ दोन आठवडे लाल दिसतेय. सोमवारी हीच फाइल वरिष्ठांसमोर ठेवून कोर्सचा क्रम ठरवून घेणार आहे. एकच राहिलं: आधी दिलेल्या कोर्समधल्या किरकोळ दुरुस्त्या अधूनमधून एडिटरकडे येतच असतात. त्या कुठे धरायच्या?

शटडाउन_प्लॅनर

त्यांना टास्क करू नका, फाइल भरून जाईल. एडिटर कोर्ससाठी दिवसाचा ऐंशी टक्केच उपलब्ध आहे असं धरा. म्हणजे ६ दिवसांचं एडिटिंग साडेसात दिवसांचं होईल. उरलेला वेळ दुरुस्त्यांना, आणि तो दिवसातल्या एका ठरावीक वेळी, शक्यतो जेवणानंतर. सकाळचा सलग वेळ चालू कोर्सलाच द्या. महिनाभराने दुरुस्त्यांना खरंच किती वेळ गेला ते बघून टक्का बदला.