मदत हवी आहे: मारुती ८०० पाणी खाते, पण खाली थेंब नाही. हेड पॅकिंगच (हेड आणि ब्लॉकमधलं गॅस्केट) का?

म्हापशाची_आठशे
गाडी १९९६ची मारुती ८००, कार्ब्युरेटरवाली. रेडिएटरचं पाणी आठवड्याला अर्धा लिटर तरी कमी होतं. खाली कुठेच ओल नाही. सकाळी सेल्फ मारला की थोडा वेळ एक सिलिंडर मिसिंग करतो, मागून पांढरा धूर येतो, मग सुरळीत. सपाटीला काटा मध्यावर असतो, अनमोड घाट चढताना लालला टेकतो. ऑईलच्या झाकणाखाली पिवळट साय धरते, डिपस्टिक मात्र स्वच्छ. एक मेकॅनिक म्हणतो हेड उतरवून पॅकिंग बदलू, फेसिंगची (हेडचा तळ मशीनवर घासून सपाट करण्याची) गरज नाही. दुसरा म्हणतो गळती बुजायला रेडिएटरमध्ये हळद टाका. उघडण्याआधी खात्री कशी करावी?

फोंड्याचा_पाना
हळद अजिबात नको. रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसते आणि आज फक्त घाटात तापणारी गाडी उद्या बाजारात तापेल.

झाकणाखालची साय हा पुरावा धरू नका. आपल्याकडच्या पावसात चार-पाच किलोमीटरच्याच फेऱ्या झाल्या तर इंजिन पुरतं तापत नाही आणि हवेतला दमटपणा झाकणाला चिकटतो. डिपस्टिकवर दुधाळ ऑईल दिसलं असतं तर गोष्ट वेगळी.

आधी स्वस्तातलं तपासा: रेडिएटर कॅपचं रबर, वॉटर पंपाखालचं गळतीचं भोक, होजच्या क्लिपा, फॅन वेळेवर लागतो का. मग इंजिन पूर्ण थंड असताना कॅप काढा, पाणी काठोकाठ भरा आणि चालू करा. अडकलेल्या हवेचे बुडबुडे काही मिनिटांत थांबतात. बारीक बुडबुडे थांबतच नसतील आणि रेस दिल्यावर वाढत असतील, तर ज्वलनाचा वायू पाण्यात शिरतोय. गरम इंजिनाची कॅप उघडू नका, हे सांगायला नको.

त्यानंतर कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरचा दाब गेजने मोजा. इंजिन गरम, तिन्ही प्लग बाहेर, कॉइलची वायर काढलेली, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी चार्ज. तिन्ही आकडे आणि प्लगचे रंग इथे टाका.

म्हापशाची_आठशे
बुडबुडे थांबत नाहीत. कॉम्प्रेशन टायमिंग पट्ट्याच्या बाजूने: १२, ११.५, ९.५ किलो (प्रति चौ. सेंमी). तिसऱ्यात चमचाभर ऑईल घालून पुन्हा घेतलं, तरी ९.५च. तिसरा प्लग धुतल्यासारखा पांढरा, बाकीचे दोन तपकिरी.

फोंड्याचा_पाना
ऑईल घालून आकडा वाढला असता तर रिंगांवर संशय गेला असता. नुसता आकडा कमी असता तर व्हॉल्व्हही असू शकला असता. पण धुतलेला प्लग आणि बुडबुडे एकत्र आले म्हणजे तिसऱ्या सिलिंडरची वाट पाण्याच्या जॅकेटला (सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीला) मिळालीय. रात्री थोडं पाणी आत झिरपतं, म्हणून सकाळचं मिसिंग. शेजारी-शेजारी दोन सिलिंडर सारखेच पडले असते तर पॅकिंग त्या दोघांच्या मधल्या पट्टीवर उडालंय म्हटलं असतं.

मडगाव_लेथ
एक राहिलं. हीच लक्षणं हेडला तडा गेल्यावरही दिसतात. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं; तापलं की हेड जास्त फुगतं, वाकतं, आणि व्हॉल्व्ह सीटांच्या मध्ये चिरतं. म्हणून हेड उतरवल्यावर आधी प्रेशर टेस्ट, मग बाकी खर्च.

"फेसिंगची गरज नाही" हे डोळ्यांनी ठरत नाही. सरळ पट्टी हेडच्या चारही कडांना आणि दोन्ही कर्णांवर उभी धरा, खाली ०.०५ मिमीचा फिलर (फट मोजायची पातळ पत्री) घाला. गेला तर फेसिंग. मात्र लेथवाल्याला सांगा, सपाट होईल तेवढंच घ्या. जास्त घेतलं की कॉम्प्रेशन वाढून इंजिन चढावर ठोकायला लागतं.

ब्लॉकचा माथाही त्याच पट्टीने बघा. हेडला फेसिंग करून ब्लॉक न बघता बसवणं हे नेहमीचं, आणि पॅकिंग वर्षात परत उडण्याचं एक कारण तेच.

फोंड्याचा_पाना
सामान: पूर्ण टॉप सेट घ्या, सुटं पॅकिंग नको, व्हॉल्व्ह सील आणि मॅनिफोल्डची पॅकिंगं त्यात येतात. शिवाय थर्मोस्टॅट, टायमिंग पट्टा, टेन्शनर, कॅमचं ऑईल सील, वरचा-खालचा होज, ऑईल आणि फिल्टर, कूलंट.

उतरवताना टायमिंगच्या खुणा जुळवा, डिस्ट्रिब्युटरच्या रोटरची दिशा खडूने खुणावा, आणि पट्टा काढल्यावर क्रँक फिरवू नका. हेडचे ८ बोल्ट कडेकडून मध्याकडे, तीन फेऱ्यांत ढिले. हेड चिकटलं तर लाकडी ठोकळ्याने हलवा. सांध्यात स्क्रूड्रायव्हर घातला की ॲल्युमिनियमला खाच पडलीच.

जुनं पॅकिंग प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. ग्राइंडरची घासणी चकती नको, तिची पूड ऑईलच्या वाटेत जाते आणि बेअरिंग खाते. यापेक्षाही जास्त दुर्लक्ष होतं ते बोल्टच्या भोकांकडे. तळाशी पाणी किंवा ऑईल साचलं असेल तर बोल्ट त्या द्रवावर टेकतो. टॉर्क पाना "कट्" वाजतो, पण हेड दाबलेलं नसतं. कधी ब्लॉकही फुटतो. कापडाने टिपा, मग हवा मारा.

नवं पॅकिंग कोरडं, टॉपची खूण वर. शेलॅक, सिलिकॉन, चंदेरी रंग, काही नको. बोल्टच्या आट्यांना ऑईलचं बोट. मग मध्यापासून बाहेर: आधी २० न्यूटन-मीटर, मग ४०, शेवटी ५५ ते ६०. पाना अंदाजाने नको, टॉर्क पानाच हवा. नसेल तर मागून आणा. त्यानंतर टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्हची फट जुळवणं).

म्हापशाची_आठशे
बोल्ट नवे घ्यावेत का? आणि रिटॉर्क, म्हणजे काही दिवसांनी बोल्ट पुन्हा टॉर्कने आवळणं?

मडगाव_लेथ
हे बोल्ट ताणून बसवायच्या जातीचे नाहीत, पुन्हा चालतात. पण गाडी किनाऱ्याजवळ उभी राहत असेल तर डोक्याखालचा भाग नीट बघा. गंजून खड्डे पडले असतील किंवा आटे ओढलेले दिसले तर पूर्ण संच बदला, एकदोन नाही. रिटॉर्कचं पॅकिंगच्या पाकिटावर जे लिहिलंय तेच करा, आणि करायचाच असेल तर इंजिन थंड असताना.

आणि पॅकिंग आपसूक उडत नाही. फॅन स्विच किंवा तुंबलेला रेडिएटर यातलं काहीतरी असणारच. रेडिएटर आत्ताच रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून घ्या. साध्या पाण्याने जॅकेट गंजतं आणि तोच गाळ रेडिएटरमध्ये येतो. समुद्राजवळच्या विहिरीचं खारट पाणी तर घालूच नये. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी अर्धं-अर्धं.

फोंड्याचा_पाना
भरताना कॅप उघडी ठेवून आयडलवर चालवा. वरचा होज गरम झाला म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. पातळी खाली जाईल, भरत राहा. फॅन लागून बंद होईपर्यंत थांबा, मग कॅप लावा. दुसऱ्या दिवशी थंड असताना पातळी बघा, थोडी उतरलेली असते. तिसऱ्या दिवशीही उतरली तर घाटात नेऊ नका, आधी बुडबुड्यांची तीच चाचणी पुन्हा.