‘व्हल्नरेबल’ म्हणजे संकटग्रस्त की संकटप्रवण?

सारंगी : ध्रुवीय अस्वलांवरील एका लेखाचा अनुवाद करताना मी अडले आहे. कोणती जीवजात नष्ट होण्याच्या किती जवळ आहे हे नोंदवणाऱ्या, आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत हे अस्वल ‘व्हल्नरेबल’ या वर्गात आहे, तर अमेरिकेने २००८ मध्ये आपल्या कायद्याखाली त्याला ‘थ्रेटन्ड’ ठरवले. मी अनुक्रमे ‘असुरक्षित’ आणि ‘धोक्यात आलेले’ असे लिहिले होते. संपादकांनी दोन्ही खोडून सर्वत्र ‘संकटग्रस्त’ केले. पुढे वाघाचा उल्लेख येतो. तो लाल यादीत एक पायरी अधिक गंभीर अशा ‘एन्डेंजर्ड’ वर्गात आहे आणि त्याच्यासाठी माझ्याकडे आता शब्दच उरलेला नाही.

अक्षरवेल : संपादकांचा बदल चुकीचा आहे, पण ‘असुरक्षित’ही पटत नाही. ज्याला संरक्षण नाही तो असुरक्षित, असे वाचक समजेल. या अस्वलासाठी तर पाच देशांनी १९७३ मध्येच करार केला. त्याचे खरे संकट समुद्रावरील बर्फ घटण्याचे आहे, कारण सीलची शिकार ते त्याच बर्फावरून करते. २०१५ च्या मूल्यमापनात त्यांची संख्या सुमारे २६,००० धरली होती. ती आज अगदी थोडी आहे म्हणून नव्हे, तर पुढील तीन पिढ्यांत ३० टक्क्यांहून अधिक घटण्याची शक्यता दिसते म्हणून त्याला हा वर्ग मिळाला. अवर्षणप्रवण, पूरप्रवण हे शब्द आपल्याकडे रुळलेले आहेतच, तेव्हा ‘संकटप्रवण’ म्हणावे. ‘प्रवण’चा मूळ अर्थ उताराकडे कललेला असा आहे. उलट ‘ग्रस्त’मध्ये ग्रास आहे, खग्रास ग्रहणातला तोच. संकटाने ज्याचा घास घ्यायला सुरुवात केली तो संकटग्रस्त. हा शब्द वाघासाठी राखून ठेवावा.

उत्तरायण : व्युत्पत्ती सुंदर आहे, पण वाचक व्युत्पत्तीवरून अर्थ लावत नाही. मुलांसमोर बोलताना मी ‘संकटप्रवण प्राणी’ म्हणालो, तेव्हा एका मुलीने विचारले की हा प्राणी माणसांवर संकट आणतो का. अपघातप्रवण वळणावर अपघात इतरांना होतो, वळणाला नाही. तिने तोच अर्थ लावला आणि मला तो चूक म्हणता आला नाही. त्यापेक्षा ‘व्हल्नरेबल’ हाच शब्द देवनागरीत लिहावा.

अक्षरवेल : पूरप्रवण गावात पूर गावालाच भोगावा लागतो, हेही त्या मुलीला सांगायला हवे होते. प्रत्येक कठीण जागी उसना शब्द घेतला तर मराठीत या विषयाची परिभाषा कधीच घडणार नाही. मात्र दोन वर्गांना दोन शब्द हवेतच, एवढे तरी मान्य व्हावे. पांडा २०१६ मध्ये आणि हिमबिबट्या २०१७ मध्ये ‘एन्डेंजर्ड’मधून ‘व्हल्नरेबल’मध्ये आला, संपादकांच्या मराठीत ही बातमी ‘संकटग्रस्त प्राणी संकटग्रस्त झाला’ अशी होईल.

नीलमोहर : ‘नामशेष’ या शब्दाचाही विचार व्हावा. ज्याचे फक्त नाव उरले तो नामशेष, आणि तो परत येत नाही. वक्र शिंगांचा ऑरिक्स हा हरिणासारखा प्राणी २००० मध्ये निसर्गातून संपला असे यादीत नोंदले गेले, पण बंदिस्त पैदाशीतले कळप आफ्रिकेतील चाड देशात सोडल्यावर २०२३ मध्ये तो ‘एन्डेंजर्ड’ वर्गात आला. अशा प्राण्याला ‘निसर्गातून लुप्त’ म्हणावे. पाणिनीची लोपाची व्याख्याच ‘अदर्शनं लोपः’ अशी आहे. दिसेनासे होणे म्हणजे लोप.

उत्तरायण : बोलण्यात मात्र ‘लुप्त झालेले प्राणी’ म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर डोडो येतो. ज्या भेदासाठी आपण हा शब्द सुचवता, तो भेद त्यांच्या कानापर्यंत पोहोचत नाही.

नीलमोहर : पोहोचत नसेल, तर वापरून पोहोचवावा लागेल. ‘नामशेष’ इतका अचूक शब्द हाताशी असताना डोडोसाठी ‘लुप्त’ वापरणेच मला सैल वाटते.

सारंगी : ‘संकटप्रवण’ मी पहिल्या उल्लेखापाशी ‘व्हल्नरेबल’सह लिहून पाहते. ‘थ्रेटन्ड’ मात्र तसाच राहिला आहे. लाल यादीत तो तीन वर्गांना मिळून वापरायचा छत्रशब्द आहे आणि अमेरिकी कायद्यात ‘एन्डेंजर्ड’च्या खालची स्वतंत्र पायरी, माझ्या लेखात तो एकाच परिच्छेदात दोन्ही अर्थांनी आला आहे.