गंगावेशीतलं दूध, रंकाळ्यावरचा वारा आणि 'रिकामटेकडा' हा शिक्का. तुमचं काय मत?

पंचगंगाकाठ:
मंडळी, काल जेवताना मेव्हण्यानं चारचौघांत "आमचे दाजी सध्या रिकामटेकडे" असं म्हटलं, सगळे हसले, मी पण हसलो, पण रात्रभर ते डोक्यातनं जाईना म्हणून इथं लिहितोय.

अकरा वर्षं हिंजवडीत काढली. जाता-येता रोज अडीच-तीन तास गाडीत, घरी आलं की पोरगी झोपलेली, सकाळी निघताना पण झोपलेलीच. २०२२ ला गाशा गुंडाळून कोल्हापुरात आलो, आता घरूनच थोडं काम करतो, पगार निम्म्याच्या आत आला ते खरंय. पण सकाळी सहाला किटली घेऊन गंगावेशीत जातो, म्हशी रस्त्याकडेला उभ्या असतात, मालक समोरच धार काढून ग्लास हातात देतो, कोमट, वरपर्यंत फेस, तो मिशीला लागल्याशिवाय प्यायल्यासारखं वाटत नाही. मग रंकाळ्याला एक फेरी, शालिनी पॅलेसच्या बाजूला बसायचं, पाण्यावर ऊन येईपर्यंत काहीही करायचं नाही. फोन घरी.

आणि हे काय बाहेरनं आणलेलं फॅड नाही. किरणोत्सव बघा की. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या शेवटाला मावळतीची किरणं अंबाबाईच्या पायापासनं वर चढतात, दोन-चार मिनिटांचा खेळ, कधी ढग आडवा येतो, कधी मधल्या इमारती, किरणं कमरेपाशीच विरतात, तरी लोक दुसऱ्या दिवशी परत येऊन उभे. थांबायची सवय आपल्याला आहेच, आपण ती पुण्याला जाऊन विसरून आलोय. ह्यात रिकामटेकडेपणा कुठला?

शिरोली_सेकंड_शिफ्ट:
भावा वाईट वाटून घेऊ नकोस पण हे पोट भरल्यावरचं बोलणं हाय. मी फाउंड्रीत हाय. लोखंड चौदाशे डिग्रीच्या आसपास असतंय, भट्टीतनं लेडलमध्ये, म्हंजे ओतायच्या भांड्यात, आलं की ते कुणासाठी थांबत न्हाई, जरा सावकाश ओतलं की साच्यात भरायच्या आधीच गार पडतंय, कास्टिंग रिजेक्ट आणि वर शिव्या. तू अकरा वर्षं पळून जे साठवलंस त्याच्यावर आता चालालायस, चाल की, नको कोण म्हणतंय. पण 'थांबायची सवय आपल्याला आहेच' म्हणून आम्हाला त्यात धरू नको. आम्ही थांबलो तर हप्ता थांबत न्हाई.

गूळभेंडी:
शिरोलीवाले दादा, पटतंय पण अर्धंच. २०२३ ला इन्फोसिसचे नारायण मूर्ती म्हणाले पोरांनी आठवड्याला ७० तास काम करावं, २०२५ उजाडतोय तोवर एल अँड टीच्या अध्यक्षांनी आकडा ९० वर नेला, रविवारी घरी बसून बायकोकडं किती वेळ बघत बसणार म्हणे. एवढी मोठी माणसं एका बाजूनं ओढत असताना एखादा उलट बाजूनं ओढला तर लगेच रिकामटेकडा? बघू की बायकोकडं, आपलीच आहे.

शिरोली_सेकंड_शिफ्ट:
तुम्ही ७० का ९० वर भांडा. आमच्यात ओव्हरटाइम मिळाला तर पोरं खूश होत्यात.

राजारामपुरी_आठवी_गल्ली:
सगळ्यांचं वाचलो. एकच विचारतो, ते किटलीतलं दूध घरी आल्यावर पुढं काय होतंय? तापवतंय कोण? गॅसजवळ उभं राहतंय कोण?

मी साडेपाचला उठतो, डबे, पाणी, सासूबाईंची गोळी, पोराचे मोजे (एक सापडतो, एक कधीच नाही), आणि ह्यांचं 'अगं चहा' वेगळंच. नऊला सगळे गेले की जिन्यात बसून गार झालेला चहा पितो, पंधरा मिनिटं. समोरच्या घरातली म्हातारी शेंगा निवडत असते, आम्ही बोलत पण नाही. तेवढाच माझा दिवस. म्हणजे आनंद छोट्या गोष्टीत असतो हे मला कुणी शिकवायला नको, मला मोठा मिळालाच नाही तर छोट्यातच शोधणार की. पण पुरुषमाणूस सकाळी दोन तास तळ्याकाठी बसला तर त्याला सावकाश जगणं म्हणायचं आणि मी बसलो तर 'घरात काय काम नाही वाटतं'?

नदीपात्रातला_पुणेकर:
मुद्दा छान, पण एक शंका, आपण दादा की ताई?

राजारामपुरी_आठवी_गल्ली:
बाईच आहे. कोल्हापुरात बायका 'आलो, गेलो'च म्हणतात. तुमची गाडी अजून खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावरच आहे वाटतं.

नदीपात्रातला_पुणेकर:
😄 क्षमस्व ताई. थोडी माहिती टाकतो. 'सावकाश' ही चळवळ म्हणून सुरू झाली ती इटलीत. १९८६ मध्ये रोममधल्या स्पॅनिश पायऱ्यांजवळ मॅकडोनाल्ड्स येणार म्हणून निदर्शनं झाली, त्यात कार्लो पेत्रिनी नावाचा पत्रकार पुढे होता, त्यातून स्लो फूड चळवळ उभी राहिली. १९९९ मध्ये चित्तास्लो नावानं सावकाश गावांचं जाळं सुरू झालं, त्यात पन्नास हजारांच्या आतल्या गावांनाच सदस्य होता येतं. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहर साडेपाच लाखांच्या आसपास होतं, म्हणजे तुम्ही बाद. पण महत्त्वाचं म्हणजे पेत्रिनींचं म्हणणं नुसतं चवीनं खा असं नव्हतं, अन्न चांगलं हवं, स्वच्छ हवं आणि पिकवणाऱ्याला रास्त दाम मिळायला हवा, असं तिन्ही एकदम. ते तिसरं नेहमी गळतं.

गूळभेंडी:
बाद तर बाद, आम्हाला मिसळ खायला इटलीचा दाखला नको. पण तिसरा मुद्दा लिहून ठेवलाय.

जुना_पेठकर:
पोरांनो, पूर्वी सगळं निवांत होतं असं तुम्हाला कुणी सांगितलं? शाहू महाराजांनी १९०६ ला मिल काढली, माझे वडील त्याच मिलमध्ये. भोंगा झाला की अर्धी भाकरी ताटात टाकून पळायचे, आई मागनं ओरडायची. आमच्या घरात घड्याळ नव्हतं, भोंगाच घड्याळ. तालमीत जाणारी पोरं सुद्धा पहाटे अंधारातच उठायची, जोर-बैठका मारून घाम गाळायची, त्याला कोण निवांत म्हणेल. हां, हौद्यातल्या मातीत ताक, हळद, लिंबू, तेल घालून ती मळायची तेव्हा जो वास सुटायचा तो मात्र आजही नाकात आहे. सुखाचं म्हणाल तर तेवढं. निवांतपणाचं मला माहीत नाही.

चिखलीकर:
मी सहसा लिहित नाही पण आज लिहितो. पंचगंगाकाठ दादा, तुमच्या नावावरनं आठवलं. पावसाळ्यात शिवाजी पुलावर पाणी बघायला अख्खं कोल्हापूर येतंय, मच्छिंद्री झाली का (म्हणजे पाणी पुलावरच्या खुणेला टेकलं का), किती फूट झालं, कणीस खात, पोराला खांद्यावर घेऊन, रेनकोटात सेल्फी. ती पण छोट्या क्षणातली मजाच की. मी पण लहानपणी आजोबांचा हात धरून यायचो, पाण्याचा आवाज ऐकत तासभर उभं राहायचो, खोटं कशाला बोलू.

राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट म्हणजे धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टात ५५ फुटांच्या वर गेलं. आमच्या घरात माळ्यावर ठेवलेलं पण भिजलं. म्हशी सोडून द्यायला लागल्या, दाव्याला बांधून ठेवल्या असत्या तर तिथंच मेल्या असत्या, चारातल्या दोन परत आल्या. तेव्हापासनं मला पुलावर उभं राहता येत नाही. तेच पाणी, तोच पूल, गर्दी पण तीच. गर्दीवर राग नाही माझा, त्यांना काय माहीत. पण कुणी 'पावसाचा आनंद घ्या' म्हटलं की मी फोन बंद करून टाकतो.

गूळभेंडी:
काय बोलू दादा.

शिरोली_सेकंड_शिफ्ट:
चिखलीकर, २०१९ ला हायवे पाण्याखाली, कंपनी बंद, आमचा खाडा मांडला होता. त्या आठवड्यात पहिल्यांदा पोरीसंगं सलग चार दिवस घरात होतो, पत्ते खेळलो. तुझं वाचून आता लाज वाटालीय ती मजा आठवाय.

चिखलीकर:
लाज कसली. पोरीसंगं पत्ते खेळायचे न्हाईत तर काय करायचं.

पंचगंगाकाठ:
सगळ्यांचं दोनदा वाचलं. ताई, तुमचा दूध तापवायचा प्रश्न वाचून आधी राग आला, मग आठवलं की तीन वर्षांत मी ते दूध ओट्यावर ठेवून सरळ आंघोळीला जातोय. शिरोलीकर, साठवलेल्यावर चाललोय हे पण कबूल, मेव्हण्याला सांगू नका. पण सगळं सोडून देत नाही मी. पोरगी आता रोज सकाळी माझ्यासमोर जागी होते, डोळे चोळत "आज कुठली म्हैस होती" विचारते, हे मला पगारात मिळत नव्हतं आणि ह्याला चैन म्हणायला मी तयार नाही.

आज सकाळी मुद्दाम म्हशीवाल्या मामांना विचारलं, तुम्ही किती वाजता उठता. म्हणाले अडीचला, शेण काढायचं, वैरण, मग म्हशी हाकत इथवर. म्हटलं दमायला होत असेल, मग तुम्हाला निवांत कधी वाटतं? तर म्हणाले, "एवढं इचारालायस, दूध घेणार हाईस का न्हाई? मागं लाईन अडलीय."

शिरोली_सेकंड_शिफ्ट:
😂😂 मामा नाद खुळा. रविवारी सुट्टी हाय मला, येतो सहाला, ग्लास तुझ्याकडनं.

जुना_पेठकर:
मलाही धरा. पण मी साखर घालून पितो, हसायचं नाही.

राजारामपुरी_आठवी_गल्ली:
ते सगळं ठीक. आजचं दूध तापवलंस का पण?

पंचगंगाकाठ:
हो ताई, गॅसवर ठेवूनच हे टाईप करत बसलो होतो. उतू गेलं. ओटा पुसालोय.