निवृत्त सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने गावाच्या आरोग्यासाठी विनामोबदला कोणते काम हाती घ्यावे?

प्रश्न : पलूसची लेक

नमस्कार. मी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आहे. मुंबईतील एका संशोधन प्रयोगशाळेत एकतीस वर्षे नोकरी करून गेल्या मे महिन्यात निवृत्त झाले आणि पलूस तालुक्यातील माहेरच्या घरी कायमची राहायला आले. औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंचा अभ्यास हे माझे मुख्य काम होते. आता आठवड्यातील तीन दिवस कोणताही मोबदला न घेता लोकांच्या आरोग्यासाठी द्यावेत, अशी मनापासून इच्छा आहे.

आमचे घर कृष्णाकाठी आहे. २०१९ च्या महापुराची रेघ माजघराच्या भिंतीवर कमरेच्या वर अजून दिसते. आईने ती जागा मुद्दाम रंगवू दिलेली नाही. त्या वर्षी पूर ओसरल्यावर गावात तापाचे बरेच रुग्ण झाले होते आणि मी मुंबईत बसून फोनवर सल्ले देण्यापलीकडे काही करू शकले नाही, याची खंत आजही आहे. त्यामुळे घराच्या एका खोलीत छोटी प्रयोगशाळा उभारावी, गावकऱ्यांच्या रक्ताचे आणि विहिरींच्या पाण्याचे नमुने तपासावेत आणि त्यातून पुराच्या काळातील आजारांचा अंदाज आधीच बांधता येतो का ते पाहावे, असा माझा विचार आहे. सूक्ष्मदर्शक आणि थोडी काचेची उपकरणे माझ्याकडे आहेत. या कामाला कोणाच्या परवानग्या लागतील आणि मुळात हे काम उपयोगाचे आहे का, हे सातारा-सांगलीकडे प्रत्यक्ष काम करणाऱ्यांकडून जाणून घ्यायचे आहे.

उत्तर : वैद्यकीय अधिकारी, कृष्णाकाठ

मॅडम, आपण गावी आलात याचा आनंद आहे आणि म्हणूनच स्पष्ट लिहितो. रक्ताचे नमुने घरी घेण्याचा विचार कृपया सोडून द्यावा. रुग्णाला द्यायच्या तपासणी अहवालावर पात्रताधारक नोंदणीकृत डॉक्टरची सही लागते, सुया आणि रक्त लागलेला कापूस यांची विल्हेवाट जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे लावावी लागते, आणि नमुने संशोधनासाठी घ्यायचे असतील तर आचारसंहिता समितीची, म्हणजे संशोधनात भाग घेणाऱ्या माणसांचे हित जपले जाते का हे पाहणाऱ्या एथिक्स कमिटीची, लेखी मान्यता अगोदर घ्यावी लागते.

यामागे एक अनुभवही आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट असताना पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. ते ओसरत असताना बाहेरगावची एक संस्था आमच्या केंद्राच्या हद्दीत आली, दोन दिवसांत शंभरेक लोकांचे रक्त घेऊन गेली आणि त्या तपासण्यांचे निकाल आजतागायत कोणालाही कळले नाहीत. त्यानंतर जवळजवळ वर्षभर आमच्या आशाताई हिवतापासाठी बोटाला सुई टोचायला गेल्या की लोक विचारायचे, 'मागच्या रक्ताचं काय झालं?' त्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते.

आता आपण काय करू शकता ते सांगतो. पुरानंतरच्या तापात आम्हाला सर्वांत जास्त काळजी लेप्टोस्पायरोसिसची असते. उंदरांच्या आणि जनावरांच्या लघवीतून हा जंतू पाण्यात व चिखलात येतो आणि पायाच्या भेगेतून किंवा उसाच्या पाचटाने कापलेल्या कातडीतून शरीरात शिरतो. ताप आल्यापासून पहिल्या पाच-सहा दिवसांत रक्तात जंतूशी लढणारी प्रतिद्रव्ये, जी ही तपासणी शोधते, पुरेशी तयार झालेली नसतात, त्यामुळे तिसऱ्या दिवशी केलेली कार्डची तपासणी निगेटिव्ह आली तरी आजार नाही असे म्हणता येत नाही. मात्र घरच्यांना कागदावर 'निगेटिव्ह' दिसले की ते रुग्णाला घरी घेऊन जातात. ही एकच गोष्ट आशाताईंना, औषध दुकानदारांना आणि सरपंचांना नीट समजावून सांगणारी जाणकार व्यक्ती आम्हाला हवी आहे. जोखमीच्या लोकांना आठवड्यातून एकदा डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाची २०० मिलिग्रॅमची मात्रा का देतात, गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांना ती का देत नाहीत, हेही आपल्या तोंडून लोक अधिक विश्वासाने ऐकतील.

दुसरे काम मला याहूनही महत्त्वाचे वाटते आणि ते आहे टीसीएलचे. आपण ज्याला ब्लीचिंग पावडर म्हणता, त्याला सगळ्या ग्रामपंचायती टीसीएल म्हणतात. चांगल्या पावडरमध्ये सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो आणि तो २० टक्क्यांच्या खाली गेला की ती पावडर पाणी शुद्धीकरणाला चालत नाही. प्रत्यक्षात पोते ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात, ओल आलेल्या भिंतीला टेकून, तोंड उघडे असे महिनोन्‌महिने पडून असते. आमचा जलसुरक्षक प्रामाणिक आहे. तो रोज पहाटे ५०,००० लिटरच्या टाकीसाठी सांगितल्याप्रमाणे पाव किलो पावडर मोजून घालतो. पण त्या पावडरमध्ये क्लोरीन निम्म्याहून कमी उरला असेल, तर त्याची सगळी मेहनत वाया जाते. टीसीएलचे नमुने जिल्हा प्रयोगशाळेत जातात. मात्र तो अहवाल हाती येईपर्यंत पोते बहुधा संपत आलेले असते. आपल्या काचेच्या उपकरणांचा उपयोग इथे आहे. यासाठी रक्त लागत नाही आणि रुग्णाची खासगी माहितीही लागत नाही, फक्त ग्रामपंचायतीची संमती आणि आमच्या केंद्राला दिलेले एक पत्र पुरेसे आहे.

पलूसची लेक

सर, आपण इतके स्पष्ट लिहिलेत याबद्दल आभारी आहे. रक्ताच्या नमुन्यांविषयीचे म्हणणे पूर्णपणे पटले. प्रयोगशाळेत आमच्यापर्यंत नमुना पोहोचायचा तेव्हा त्यावर फक्त एक क्रमांक असायचा. त्या क्रमांकामागचा माणूस निकालाची वाट पाहत असेल, याचा विचार मी इतक्या वर्षांत पुरेसा केला नाही, हे आपले उत्तर वाचून जाणवले.

टीसीएलची तपासणी मला नक्की जमेल. एक शंका आहे. नळाच्या पाण्यातला शिल्लक क्लोरीन आपण अजून ओटीने, म्हणजे ऑर्थोटोलिडिननेच पाहता का? हे रसायन कर्करोगाच्या दृष्टीने संशयित मानले जाते आणि त्याऐवजी डीपीडी हे दुसरे रसायन वापरावे असे मी वाचले आहे.

वैद्यकीय अधिकारी, कृष्णाकाठ

आपली शंका रास्त आहे. गावोगावी अजून क्लोरोस्कोप, म्हणजे रंगावरून क्लोरीन पाहायचे छोटे उपकरण, आणि ओटीच चालते, कारण ते सवयीचे झाले आहे आणि थेंब टाकल्याबरोबर पिवळा रंग दिसतो. जलसुरक्षकाने ते रसायन हाताला लागू न देणे, तपासलेले पाणी भांड्यात परत न ओतणे आणि बाटली मुलांपासून दूर ठेवणे एवढे जरी आपण त्याला शिकवले तरी मोठे काम होईल. गाव डीपीडीकडे वळले तर उत्तमच. मात्र तपासणी टाकीजवळच्या नळावर करू नका, गावाच्या शेवटच्या नळावर करा. तिथे लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असला पाहिजे. आमच्याकडे तो शेवटचा नळ बहुतेक वेळा ऊसतोड मजुरांच्या खोपटांपाशी असतो आणि जुलाबाचे पहिले रुग्णही तिथूनच येतात.

उत्तर : कराडहून

ताई, डॉक्टरसाहेबांनी एथिक्स कमिटीचा उल्लेख केला म्हणून लिहिते. मी निवृत्त शिक्षिका असून गेली सहा वर्षे एका रुग्णालयाच्या आचारसंहिता समितीवर सामान्य नागरिक या नात्याने काम करते. या समितीत सात ते पंधरा सदस्य असावेत, अध्यक्ष संस्थेबाहेरचा असावा आणि सदस्यांत डॉक्टर, कायद्याचा जाणकार, समाजशास्त्राचा जाणकार, सामान्य नागरिक आणि मूलभूत वैद्यकशास्त्रातील वैज्ञानिक असावेत, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सांगितले आहे. यातील शेवटची जागा भरणे आमच्यासारख्या भागात अवघड जाते. वैज्ञानिक मिळतात, पण ते त्याच संस्थेच्या नोकरीत असतात आणि आपल्याच विभागप्रमुखाच्या प्रस्तावावर बोट ठेवणे त्यांना जड जाते. आपल्यासारखी बाहेरची, निवृत्त आणि कोणाच्याही दबावाखाली नसलेली व्यक्ती तिथे असणे फार गरजेचे आहे. बैठक साधारण दोन-तीन महिन्यांतून एकदा होते, परंतु आधी येणारी कागदपत्रे वाचायला चार-पाच दिवस सहज जातात.

या कामात संमतीपत्राच्या भाषेवर मी सर्वांत जास्त वेळ घालवला आहे. कागद मराठीत असतो, पण ते मराठी रुग्णाला कळत नाही. एका प्रस्तावात असे वाक्य होते : 'सहभागींचे यादृच्छिकीकरण करण्यात येईल.' समितीतले डॉक्टर पुढे सरकले होते. मी विचारले की, ढेबेवाडीच्या खोऱ्यातून उपचाराला आलेल्या आजींना यातून काय समजेल? बरीच चर्चा होऊन ते वाक्य असे झाले : 'तुम्हाला दोनपैकी कोणते औषध मिळेल हे चिठ्ठी काढल्यासारखे ठरेल, ते तुम्हीही निवडणार नाही आणि तुमचे डॉक्टरही निवडणार नाहीत.' त्याच कागदात 'पाच मिली रक्त' होते, तिथे 'चहाचा एक चमचा भरेल इतके रक्त' असे लिहिले. नकार दिला तरी नेहमीचे उपचार चालूच राहतील, हे वाक्य चौथ्या पानाच्या तळाशी होते. ते पहिल्या पानावर आणायला दोन बैठका लागल्या. मला भाषा कळते, विज्ञान कळत नाही. नमुन्यांची संख्या योग्य आहे का, उरलेले रक्त किती वर्षे ठेवणार आणि कशासाठी ठेवणार, ही तपासणी खरोखर गरजेची आहे का, हे प्रश्न विचारायला शेजारी वैज्ञानिक असला तर मला धीर येतो.

थोडे विषयाशी धरूनच सांगते. १८९७ च्या प्लेगचा मी या कामामुळे पुन्हा अभ्यास केला. त्या वर्षी १० जानेवारीला मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर ती वापरून पाहिली. पुढे १० मार्चला, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना संसर्ग होऊन सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. त्यांचे जन्मगाव नायगाव आपल्याच सातारा जिल्ह्यातले. हाफकिन यांच्या धैर्याबद्दल मला नितांत आदर आहे, पण आज तसा प्रस्ताव आमच्यापुढे आला तर तुरुंगातील माणसाची स्वेच्छा कितपत खरी मानायची, हा प्रश्न मी पहिल्यांदा विचारीन. त्यासाठीच अशी समिती असते. आपण या कामाचा अवश्य विचार करावा. आधी उत्तम वैद्यकीय चाचणी पद्धतीचे, म्हणजे जीसीपीचे, प्रशिक्षण घ्यावे लागेल.

उत्तर : शिराळा तालुका

मी ग्रामीण रुग्णालयात प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे. नागपंचमीमुळे शिराळा सर्वांना माहीत आहे. आम्हाला मात्र खरीप आणि ऊसतोडणीच्या दिवसांत येणारे सर्पदंशाचे रुग्ण जास्त आठवतात. घोणस किंवा फुरसे चावले की रक्त गोठेनासे होते. ते ओळखायला दोन मिली ताजे रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवतात आणि मग नळी एकदाच तिरकी करून पाहतात. रक्त ओघळले तर ते गोठलेले नाही, असे समजायचे. ही तपासणी इतकी साधी असूनही चुकते, कारण हाताशी प्लास्टिकची नळी असते किंवा काचेची नळी साबणाने धुतलेली असते आणि या दोन्हींमुळे निकाल फसवा येतो. नाग आणि मण्यार यांच्या दंशात मुख्य परिणाम मज्जासंस्थेवर होतो, त्यामुळे रक्त व्यवस्थित गोठले तरी रुग्ण सुरक्षित आहे असे मानता येत नाही. मॅडमनी दर तीन महिन्यांनी आजूबाजूच्या आरोग्य केंद्रांत अर्धा दिवस जरी दिला, नव्या काचेच्या नळ्या वेगळ्या डब्यात ठेवण्याची शिस्त लावली आणि परिचारिकांसमोर ही तपासणी करून दाखवली, तरी माझ्या दृष्टीने ती फार मोठी सेवा होईल. रुग्णाला हात लावण्याची त्यात गरज नाही.

पलूसची लेक

सर्वांची मनापासून आभारी आहे. महिनाभराने लिहिते आहे, कारण काहीतरी हातून झाल्यावरच लिहावे असे ठरवले होते.

घरच्या प्रयोगशाळेचा बेत सोडला. आरोग्य केंद्राला पत्र दिले आणि ग्रामसेवकांची संमती घेऊन आमच्या व शेजारच्या दोन गावांतील टीसीएलचे नमुने आणले. पहिल्या पोत्यातील पावडरची ढेकळे झाली होती आणि क्लोरीनचा नाकात जाणारा वास जवळजवळ नव्हताच. पोटॅशियम आयोडाइड आणि ॲसिटिक आम्ल घालून आयोडीन मोकळे केले, वरून थायोसल्फेट थेंबाथेंबाने सोडले; ते किती लागले यावरून क्लोरीनचे प्रमाण काढता येते. जलसुरक्षक शेजारी उभे होते. स्टार्चचा गडद निळा रंग एका थेंबासरशी नाहीसा झाला तेव्हा त्यांनी विचारले, 'संपला व्हय क्लोरीन?' हिशेब १४ टक्क्यांवर आला. म्हणजे ज्या टाकीला चांगली पावडर २५० ग्रॅम पुरते, तिला ही जवळजवळ ५९० ग्रॅम लागली असती. ते गृहस्थ खाली बसले आणि म्हणाले की, गेली दोन वर्षे जुलाबाची साथ आली की गावाने मलाच बोल लावला आहे. ते पोते दुसऱ्याच दिवशी बदलले. आता पावडर घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या पिंपात, जमिनीपासून वर, फळीवर ठेवली आहे. बादलीत कालवल्यावर चुना खाली बसू द्यायचा आणि वरचे नितळ पाणीच टाकीत ओतायचे, हेही आता कटाक्षाने पाळले जाते. इतर दोन गावांची पावडर चांगली निघाली; तिथे दर महिन्याला तपासायचे ठरले आहे.

कराडच्या ताईंना वेगळा निरोप पाठवला आहे. जीसीपीच्या प्रशिक्षणासाठी नाव नोंदवले असून एका समितीला अर्जही दिला आहे. शिराळ्याला दिवाळीनंतर येईन. त्याआधी एक विचारायचे आहे : काचेच्या नळ्या एकदा वापरून टाकून देण्याइतक्या संख्येने केंद्रांना मिळतात का, की त्या साबणाशिवाय धुऊन कोरड्या करण्याची पद्धत मला आधी लिहून काढावी लागेल?