अपेडाची नोंदणी झाली, युरोपला द्राक्षं पाठवायला पुढे काय?

निफाड_एफपीसी: आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचा आयईसी (आयात-निर्यात क्रमांक) झालाय, अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेची आरसीएमसी, म्हणजे नोंदणी-सदस्यत्वाचं प्रमाणपत्रही हातात आलं. आतापर्यंत थॉमसन द्राक्षं निर्यातदाराला जागेवरच दिली. यंदा कंपनीच्या नावावर एक रीफर (शीत) कंटेनर रॉटरडॅमला पाठवायचा आहे. अपेडा ग्राहक शोधून देते का? प्लॉटची नोंदणी कंपनीने करायची की सभासदांनी? आणि प्रीकूलिंगची (काढणीनंतर माल लगेच थंड करण्याची) मशिनरी आत्ता बुक करून नंतर अनुदानाचा अर्ज केला तर चालेल का?

पणन_पावती: तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पैसे तिथेच बुडतात. बुकिंग थांबवा. अपेडाच्या साहाय्य योजनेत आधी अर्ज, मग तत्त्वतः मंजुरी, मग खर्च, मग प्रत्यक्ष पाहणी आणि शेवटी रक्कम असा क्रम आहे. मंजुरीच्या आधीच्या तारखेचं बिल धरत नाहीत. पैसे खर्चानंतर मिळतात, म्हणजे तोवरची सगळी रक्कम बँकेची किंवा तुमची.

ग्राहकाचं म्हणाल तर अपेडा ऑर्डर देत नाही. परदेशी प्रदर्शनात स्टॉल, खरेदीदार-विक्रेता भेटी, आयातदारांची माहिती इतकं मिळतं. भाव ठरवणं आणि आयातदार पारखणं तुमच्याकडेच. आणि आयईसीची माहिती दरवर्षी एप्रिल ते जून या काळात डीजीएफटीच्या (परकीय व्यापार महासंचालनालयाच्या) पोर्टलवर अद्ययावत करा, बदल नसला तरी. नाहीतर तो निष्क्रिय होतो आणि शिपिंग बिल (कस्टम्सकडचं निर्यातीचं कागदपत्र) अडतं. बँकेचा एडी कोडही (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या शाखेचा क्रमांक) न्हाव्हा शेवा बंदरासाठी आधीच नोंदवून ठेवा.

छाटणी_ते_कंटेनर: नोंदणी प्लॉटची, शेतकऱ्याच्या नावावर, कृषी विभागाकडे, आणि दर हंगामाला. ती ग्रेपनेटवर (द्राक्षांचा माग ठेवणाऱ्या अपेडाच्या ऑनलाइन प्रणालीवर) चढली की पुढचं सगळं त्या नोंदणी क्रमांकाला बांधलं जातं: तपासणी, प्रयोगशाळेचा अहवाल, पॅकहाऊस, ॲगमार्कचा दर्जा दाखला, फायटो (वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र). प्लॉटचं अंदाजे उत्पादन नोंदलेलं असतं आणि पॅकिंग होईल तसं त्यातून वजा होत जातं. शेजारच्या बिननोंदणी बागेतल्या चार क्रेट मिसळून कोटा भरायचा विचार कुणी करत असेल तर इथेच अडकतो. पॅकहाऊसही अपेडाची मान्यता असलेलंच लागतं. पहिल्या वर्षी भाड्याने घ्या, स्वतःचं बांधायची घाई नको.

रेसिड्यूचा (औषधांच्या अवशेषांचा) नमुना प्रयोगशाळेचा माणूस प्लॉटवर येऊन काढतो, तुम्ही पिशवीत भरून नेलेला चालत नाही. युरोपात ज्या औषधाला वेगळी मर्यादा ठरलेली नाही त्याला किलोला ०.०१ मिलिग्रॅम धरतात. नमुना फेल गेला की अंतर्गत इशारा निघतो आणि तो प्लॉट युरोपसाठी थांबतो.

मांजरी_रेसिड्यू: फेल जाण्याची कारणं बहुतेक ठरलेली. काढणीपूर्व कालावधी (शेवटची फवारणी ते काढणी यातलं ठरलेलं अंतर) पाळलेला नसतो. तणनाशकाचा पंप नीट न धुता बागेत वापरलेला असतो. शेजारच्या टोमॅटोवरचा फवारा वाऱ्याने आलेला असतो. पण सगळ्यात चकवणारं म्हणजे 'सेंद्रिय टॉनिक'. बाटलीवर समुद्री शेवाळ, आत कीटकनाशक. लेबलवर घटक आणि प्रमाण छापलेलं नसेल तर निर्यातीच्या प्लॉटवर टाकूच नये, दुकानदार काहीही सांगो.

२०१० साली क्लोरमेक्वाटमुळे, म्हणजे आपल्या सीसीसीमुळे, युरोपात कंटेनर अडकले. वाढ रोखायला ते सर्रास वापरलं जायचं आणि तपासायच्या यादीत नव्हतं. त्यामुळे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची चालू हंगामाची यादी घ्या, मागच्या वर्षीची नको.

निफाड_एफपीसी: मशिनरीचं बुकिंग थांबवतो. रेसिड्यू पास झाला, पॅकहाऊस भाड्याचं घेतलं, तरी माल तिकडे खराब निघाला असं ऐकतो. ते कुठे चुकतं?

छाटणी_ते_कंटेनर: प्रीकूलिंगमध्ये. काढणी सकाळी, घड पॅकहाऊसला लगेच, आणि ६ ते ८ तासांत गराचं तापमान ४ अंशांच्या खाली. हवेचं नाही, मण्यात सुई घालून बघायचं. माल गरम असताना खोकं बंद केलं तर आत घाम धरतो, ग्रेप गार्डचा पॅड (बुरशी रोखायला सल्फर डायऑक्साइड हळूहळू सोडणारा) ओला होऊन सल्फर डायऑक्साइड एकदम सुटतो, देठाजवळ मणी पांढरे पडतात. पॅड तिथेच संपल्यामुळे पुढच्या तीन-चार आठवड्यांच्या प्रवासात बुरशीला मोकळं रान. जहाज केप ऑफ गुड होपला वळसा घालून गेलं तर दिवस आणखी वाढतात. लाकडी पॅलेटवर आयपीपीसीचा (आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराचा) शिक्का बघून घ्या. लाकडाच्या गाभ्याला ५६ अंशांवर ३० मिनिटं उष्णता दिल्याची ती खूण आहे, शिक्का नसला की माल बंदरातच थांबतो.

पणन_पावती: पैशाचं एक राहिलं. युरोपात द्राक्ष बऱ्याचदा कन्साइनमेंटवर जातं, विकेल त्या भावाने. ईसीजीसीची (सरकारी निर्यात पतविमा कंपनीची) पॉलिसी घ्याच, पण ती आयातदार बुडाला किंवा त्याने पैसे थकवले तर कामाची. 'माल मऊ निघाला' म्हणून त्याने भाव पाडला तर तो दर्जाचा वाद, आणि त्यात सहसा दावा मिळत नाही. म्हणून किमान हमी भाव करारात लिहून घ्या, आणि माल पोचल्यावर किती तासांत कोणत्या त्रयस्थ सर्वेक्षकाने पाहायचा तेही त्यातच. कंटेनरमध्ये तापमान नोंदवणारा लॉगर ठेवा. त्याचा आलेख नसेल तर तुमची बाजू मांडायला कागद उरत नाही.