'ब्लास्ट' (लंडन, १९१४) वाचायचा कसा?

प्रश्न
चित्रकार-लेखक विंडम लुईसच्या 'ब्लास्ट' या नियतकालिकाचा (लंडनच्या 'व्हॉर्टिसिस्ट' कलावंत-लेखक गटाचं मुखपत्र) पहिला अंक स्कॅनवर वाचतोय. भडक गुलाबी मुखपृष्ठावरचं तिरकं काळं नाव आजही अंगावर येतं. आत मात्र नुसती शिव्याशापांची यादी दिसते, तीत रवींद्रनाथ टागोर आणि अ‍ॅनी बेझंटसुद्धा! टागोरांवर राग कशाचा? आणि त्यातलं लुईसचं नाटक 'एनिमी ऑफ द स्टार्स' पुढे सरकतच नाही.

प्रतिसाद १
आधी स्कॅन जोडपानात लावा, आणि मुखपृष्ठ सुटं ठेवायचा पर्याय चालू करा. नाहीतर डावं पान उजवीकडे जातं आणि पुढच्या सगळ्या जोड्या चुकतात. मूळ अंक साधारण १२ इंच उंच, त्यामुळे मोबाईलवर काहीच हाती लागत नाही. फक्त मजकूर असलेली प्रत तर नकोच. जाड टाइप, उभ्या रेघा, मोकळ्या जागा गेल्या की खरोखरच यादी उरते. ही पानं भिंतीवरच्या पोस्टरसारखी जुळवलेली आहेत. ब्राऊन आणि टल्सा विद्यापीठांच्या 'मॉडर्निस्ट जर्नल्स प्रोजेक्ट'वर दोन्ही अंक आहेत.

प्रतिसाद २
पान ११ ते २८, म्हणजे शाप आणि आशीर्वादांचा भाग, एका बैठकीत वाचा. इंग्लंडला हवामानावरून शाप, मग जहाजांसाठी आणि बंदरांसाठी आशीर्वाद. फ्रान्स आणि विनोद यांनाही दोन्ही मिळतात. न्हाव्याला आशीर्वाद, कारण तो थोडक्या पैशांत निसर्गावर हल्ला करतो! शाप एकटा वाचला की फसगत होते.

टागोरांच्या यादीत पोस्ट ऑफिस, कॉडलिव्हर ऑइल, संगीतकार एल्गार आणि क्रिकेटपटू सी. बी. फ्रायही आहेत. कारण कुणाचंच दिलेलं नाही. माझ्या मते १९१३च्या नोबेलनंतर टागोर हे लंडनच्या प्रतिष्ठितांचं आवडतं नाव झालं होतं, म्हणून ते यादीत आलं. अंकातल्या गटाच्या जाहीरनाम्यावर सही करणारा कवी एझ्रा पाउंड १९१२-१३त टागोरांची भरभरून स्तुती करत होता. तेव्हा याला साऱ्या गटाचा निवाडा समजू नका.

प्रतिसाद ३
'एनिमी ऑफ द स्टार्स' शेवटी ठेवा. ते नाटकाच्या रूपात असलं तरी रंगमंचावर उभं राहील असं नाही. आधी रेबेका वेस्टची कथा घ्या. पाउंडच्या 'फ्रात्रेस मिनोरेस' कवितेत काही ओळींवर काळे पट्टे दिसतील. तो स्कॅनचा दोष नाही, प्रकाशकाच्या आक्षेपामुळे त्या ओळी छपाईनंतर काळ्या केल्या.

त्रैमासिक म्हणून जाहीर झालेल्या 'ब्लास्ट'चे दोनच अंक निघाले. दुसरा जुलै १९१५चा, युद्धाचा. त्यात एलियटच्या कविता आहेत, पण आधी शिल्पकार गोदिए-ब्रझेस्काचा खंदकातून लिहिलेला मजकूर वाचा. तो संपताच त्याच्या मृत्यूची सूचना येते: ५ जून १९१५. वय २३.